समुद्राच्या नकाशावरून पुसलेली माणसे

जुन्या सागरी नकाशांना आज बाजारात मोठा भाव आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत ॲमस्टरडॅम किंवा लंडन येथे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले आणि मागाहून हाताने रंगवलेले हिंदी महासागराचे पट सोनेरी चौकटीत बसवून धनिकांच्या दिवाणखान्यांत टांगले जातात. ज्यांना मूळ प्रत परवडत नाही ते तिची प्रतिकृती टांगतात. किनाऱ्यालगत निळ्या रंगाची फिकट होत जाणारी कड, गुलाबी आणि पिवळी राज्ये, कोपऱ्यात एखादा देवमासा, शिडे फुगलेली जहाजे आणि मध्यभागी होकायंत्राचे बत्तीस पाकळ्यांचे कमळ अशी सारी शोभा त्यात असते. तिच्याकडे पाहून माणूस हरखला तर त्यात नवल नाही. नवल वाटावे ते याचे, की ज्या किनाऱ्याचे हे चित्र आहे त्या किनाऱ्यावरील माणसांचा त्यात काही वाटा होता काय, हा साधा प्रश्न या अभिरुचीला कधी पडत नाही.

श्रीवर्धनचेच उदाहरण घ्यावे. उत्तरेस राजपुरीची खाडी आणि दक्षिणेस सावित्रीचे मुख यांच्या दरम्यान वसलेले हे गाव सोळाव्या-सतराव्या शतकांत, आधी निजामशाहीच्या आणि नंतर आदिलशाहीच्या अमलात, महत्त्वाचे बंदर होते. पुढे १९४८ पर्यंत ते जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानात राहिले. प्रारंभीच्या युरोपीय प्रवाशांच्या लेखनात त्याचे नाव ‘झिफरदान’ असे येते. जीवना बंदरावरील एखाद्या तांडेलाला हे नाव वाचून दाखवले तर ते आपल्याच गावाचे आहे हे त्याला ओळखता येणार नाही. परंतु या विद्रूप नावातच एक महत्त्वाची साक्ष दडलेली आहे. लिस्बनच्या किंवा ॲमस्टरडॅमच्या माणसाला हे नाव स्वप्नात सुचलेले नाही. कोणीतरी ते उच्चारले, कोणीतरी बोटाने किनारा दाखवला, कोणत्या महिन्यात येथे नांगर टाकता येतो आणि कोठे खडक आहे हे सांगितले. ऐकणाऱ्याने ते आपल्या कानाला झेपले तसे लिहून घेतले. लिहिणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले; सांगणाऱ्याचे गेले.

ही केवळ कल्पना आहे असे कोणी म्हणू नये. १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मालिंदीला पोहोचला तेव्हा तेथे त्याला एक गुजराती मुसलमान वाटाड्या मिळाला. पोर्तुगीज बखरकार जुआंव द बारूश याच्या वृत्तांतानुसार या वाटाड्याने गामाला हिंदुस्थानच्या साऱ्या किनाऱ्याचा नकाशा दाखवला आणि त्यावर उभ्या-आडव्या रेघा होत्या. बारूशने त्याला ‘मालेमो काना’ म्हटले आहे. यातले ‘मालेमो’ हे नाव नसून हुद्दा आहे. मूळ अरबी ‘मुअल्लिम’, कच्छ-सौराष्ट्रात ज्याला ‘मालम’ म्हणतात तो जहाजाचा मार्गदर्शक. म्हणजे ज्याने गामाला अरबी समुद्र पार करून दिला त्याचे धड नावही नोंदवण्याची गरज शोधकर्त्यांच्या इतिहासाला वाटली नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, १५०२ साली, आल्बेर्तो कान्तिनो नावाच्या हस्तकाने इटलीतील फेराराच्या ड्यूकसाठी सोन्याच्या बारा नाण्यांच्या मोबदल्यात लिस्बनहून एक रंगीत जगनकाशा गुपचूप मिळवला. त्यात हिंदुस्थानचे द्वीपकल्प प्रथमच ओळखू येईल अशा आकाराने अवतरले. चार वर्षांत एवढा किनारा पोर्तुगिजांनी स्वतः मोजला असेल यावर कोणाचा विश्वास बसेल? हा नकाशा पुढे राजवाड्याच्या लुटीत गेला आणि १८५९ मध्ये मोदेना शहरातील एका खाटकाच्या दुकानात आडोसा म्हणून लावलेला सापडला. आज तो त्या शहरातील ग्रंथालयाचे भूषण आहे. मध्यंतरीच्या मालकाला त्याची खरी किंमत कळली नव्हती, एवढाच काय तो त्याचा दोष.

नकाशा हे व्यापारी भांडवलाचे हत्यार होते आणि हत्यारासारखेच ते लपवले जाई. १५०४ मध्ये पोर्तुगालच्या राजाने आफ्रिकेतील काँगोपलीकडचा मार्ग नकाशांत दाखवण्यास मनाई केली. जुआंव द कास्त्रू याने १५३८-३९ मध्ये गोव्याहून दिवपर्यंतचा प्रवास करून दाभोळ, चौल यांसारख्या बंदरांची मुखे, खोली, खडक आणि भरती-ओहोटी यांची तपशीलवार मार्गवही तयार केली. हा गृहस्थ पुढे गोव्याचा गव्हर्नर झाला. समुद्राची माहिती आणि समुद्रावरील सत्ता एकाच हातात कशी येते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागणार नाही. त्या सत्तेचा रोजचा व्यवहार परवान्यांवर चाले. पोर्तुगिजांचा ‘कार्ताझ’ घेतल्यावाचून जहाज फिरले तर ते जप्त होई. जो समुद्र कोणाच्याच मालकीचा नव्हता त्यावर नकाशात रेघा पडल्या आणि त्या रेघांवर जकातनाकी उभी राहिली. दीडदोनशे वर्षांनी कान्होजी आंग्र्यांनी स्वतःची दस्तके देण्यास प्रारंभ केला, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले! कृती तीच; कर्ता काळा असला की तिला चाचेगिरी म्हणायचे.

चोरीच्या मालाची चोरीही लवकरच झाली. गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी १५८३ पासून काही वर्षे चिटणीस असलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने पोर्तुगिजांच्या मार्गवह्या उतरवून घेतल्या आणि मायदेशी परतून १५९५-९६ मध्ये त्या छापल्या. त्याच सुमारास डचांचा पहिला काफिला पूर्वेकडे निघाला आणि १६०२ मध्ये त्यांची ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. पोर्तुगिजांची गुपिते फोडून मोठ्या झालेल्या या कंपनीने स्वतःचे नकाशे मात्र कडीकुलपात ठेवले. जहाजावरील सुकाणूवाल्याला ते नोंद करून मिळत आणि सफर संपली की परत करावे लागत. ॲमस्टरडॅमच्या व्हान कोलेन घराण्याने आपल्या ‘समुद्राची मशाल’ या नावाच्या नकाशासंग्रहाचा आशियाविषयक सहावा खंड १७५३ मध्ये छापला, तेव्हा कुठे या माहितीवरील पडदा सरला. तोपर्यंत कंपनीचे वैभव ओसरू लागले होते.

आता रंगांविषयी. जाणकार म्हणवणारे संग्राहक ज्या रंगांवर भाळतात ते रंग समुद्रावर कधी गेलेच नव्हते. जहाजावर वापरायचे नकाशे बहुधा साधे असत. ते खाऱ्या वाऱ्याने कुजत, घड्यांवर फाटत, त्यांवर कर्कटकाची भोके पडत आणि अखेरीस ते फेकून दिले जात. सोन्याच्या वर्खाने आणि जलरंगांनी नटवलेले संग्रह व्यापाऱ्यांच्या व सरदारांच्या ग्रंथालयांसाठी होते. वापरात होते ते नष्ट झाले, कपाटात होते ते टिकले, आणि टिकलेल्यांवरून आज सागरी विद्येचा इतिहास सांगितला जातो. ॲमस्टरडॅममधील दिर्क यान्स व्हान सान्तेन या रंगाऱ्याचे नाव तेवढे अभ्यासकांच्या तोंडी आहे. बाकीचे रंगारी, म्हणजे पानामागून पान घेऊन किनाऱ्याची तीच निळी कड दिवसभर ओढणारे कारागीर, त्या पोर्तुगीज जहाजावरील मालमाइतकेच निनावी राहिले. शोषणाला गोऱ्या-काळ्याचा भेद फार काळ पाळता येत नाही. आजचा व्यापार तर याहून पुढे गेला आहे. अखंड संग्रहापेक्षा सुट्या पानांना मिळून अधिक किंमत येते म्हणून बांधणी उसवून पाने विकली जातात, आणि कोऱ्या पानाला गिऱ्हाईक नसेल तर त्यावर नव्याने रंग चढवला जातो. जुन्याच्या प्रेमापोटी जुने फाडण्याचा हा प्रकार ज्यांना अभिरुची वाटतो त्यांना ती लखलाभ असो.

यात एक गोष्ट मराठी वाचकाला विशेष लागावी. रंगीत सागरी नकाशांच्या कलेतील एक श्रेष्ठ कर्ता याच किनाऱ्यावर काम करीत होता. फर्नांव वाझ दोरादो याचा जन्म गोव्यातच झाल्याचे मानले जाते. १५६८, १५७१ आणि १५८० साली गोव्यात बसून त्याने चर्मपत्रावर रंगांनी व सोन्याने सजवलेले नकाशासंग्रह तयार केले. आज त्याचे संग्रह माद्रिद, लिस्बन, म्युनिक, लंडन आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे आहेत. आंतोनियु बोकारू याच्या १६३५ च्या ग्रंथासाठी पेद्रू बार्रेतु द रेझेंद याने काढलेल्या किल्ल्यांच्या रंगीत आराखड्यांत चौल आहे. ते चौल पाहायचे तर रेवदंड्याच्या विद्यार्थ्याने पोर्तुगालमधील एव्होरा गाठावे! १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने आज अशा वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आहे, हे ठीकच झाले. पण घोडा पळाल्यावर तबेल्याला घातलेले हे कुलूप आहे, आणि आत उरले आहे काय याची यादीही सामान्य वाचकाच्या हाती नाही.

येथवर वाचून मान डोलावणारा आणखी एक वर्ग आहे, आणि त्याचा समाचार घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. युरोपने आपले ज्ञान चोरले, एरवी आपले आरमार अजिंक्य होते, असे हा वर्ग सांगतो आणि पुतळ्यांच्या वर्गणीकडे वळतो. त्याने श्रीवर्धनचाच इतिहास एकदा डोळे उघडून वाचावा. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट या गावचे. सिद्दीच्या जाचाने त्यांना गाव सोडावे लागले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांना छत्रपती शाहूंच्या पक्षाला आणण्याची मोठी कामगिरी त्यांनीच केली. त्यांचे नातू नानासाहेब यांनी मात्र तुळाजी आंग्र्यांचा काटा काढण्यासाठी इंग्रजांचा हात धरला. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो विजयदुर्गाची पाहणी करून आला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या बंदरात शिरून आंग्र्यांचे आरमार जाळले. ज्या बंदराचा दरारा दोन पिढ्या इंग्रजांना वाटत होता त्याची खोली आणि तटांची उंची मोजून होताच तो दरारा संपला. मोबदल्यात १७५६ च्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे गेले, म्हणजे श्रीवर्धनच्या दक्षिणेस काही मैलांवर, सावित्रीच्या मुखाशी, त्यांचे ठाणे बसले आणि नकाशात त्याचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाले. हा पराक्रम कोणाच्या खात्यावर मांडायचा, ते अभिमानवाद्यांनीच सांगावे.

समुद्राविषयीचे यांचे प्रेम किती सखोल आहे, हे २०२४ मध्ये मालवणला दिसले. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाला राजकोट येथे उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि जोराच्या वाऱ्याचे कारण सांगण्यात आले. श्रावण-भाद्रपदात कोकणच्या किनाऱ्यावर वारा कसा असतो हे कोणत्याही कोळ्याच्या पोराने सांगितले असते. त्याला विचारण्याची गरज ना पोर्तुगीज बखरकाराला नाव लिहिताना वाटली, ना स्वतंत्र महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांना चबुतरा बांधताना.

त्याला काय माहीत होते? पाण्याची खोली तो वावेत मोजत असे: शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडायची, ती ओढून घेताना पसरलेल्या दोन हातांच्या मापाने मोजायची आणि वजनाच्या तळाला चिकटून आलेला चिखल किंवा वाळू पाहून जागा ओळखायची. किनाऱ्यावरील डोंगर आणि देऊळ एका रेघेत आले की वळायचे. तारे जेथे उगवतात व मावळतात त्या बिंदूंवरून रात्री दिशा धरायची. समुद्रसर्प दिसू लागले की किनारा जवळ आला, ही खूण तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक मार्गवहीतही आहे. उधाण कधी, भांग कधी, मतलई वारा केव्हा सुटतो, हे त्याला पंचांगाइतके पाठ होते. सारेच मौखिक होते असेही नाही. गुजरात-कच्छच्या मालमांच्या हस्तलिखित पोथ्या व नकाशे होते. १६६४ ची अशी एक पोथी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि अलेक्झांडर बर्न्सने १८३५ मध्ये नेऊन दिलेला एक कच्छी नकाशा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत आहे. मुंबई विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी या पोथ्यांचा आणि तांडेलांच्या तोंडी असलेल्या विद्येचा आयुष्यभर अभ्यास केला. असे अभ्यासक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झाले. शिडाची जागा यंत्राने घेतली, यंत्रावर उपग्रहाचा दिशादर्शक बसला, आणि म्हातारे तांडेल आपली विद्या बरोबर घेऊन एकेक करून निघून गेले.

इंग्रजांच्या शास्त्रशुद्ध नकाशांतही त्याचाच घाम आहे. ‘मुंबई मरीन’चा जॉन मॅक्लुअर याने १७८७ ते १७९० या काळात पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली आणि कंपनीचा जलसर्वेक्षक अलेक्झांडर डॅलरिंपल याने ती छापली. पुढे होर्सबर्गची जाडजूड मार्गदर्शिका आली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या कप्तानांच्या टेबलावर राहिली. या नकाशांतील पाण्यावर मुंग्यांसारखे पसरलेले आकडे म्हणजे त्या त्या जागी टाकलेल्या दोरीची मापे आहेत. मुंबई मरीनच्या जहाजांवर कोकणातले खलाशी मोठ्या संख्येने होते. दोरी टाकणारे हात त्यांचे, आकड्याखालची सही साहेबाची.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोडसाळ नाही. नकाशे अचूक झाले म्हणून जहाजे खडकावर आपटायची थांबली आणि हजारो खलाशांचे प्राण वाचले. शास्त्राला वर्गकलहात कशाला ओढता? शास्त्राला ओढण्याचे कारणच नाही. अचूक नकाशा हवाच आणि तो कोळ्यालाही हवा. प्रश्न एवढाच आहे, की नकाशात काय दाखवायचे आणि काय गाळायचे हे कोण ठरवतो. आज देशाचे सागरी नकाशे देहरादूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढते आणि ते आंतरराष्ट्रीय खुणांनुसार असतात. या खुणांच्या यादीत मासेमारीच्या जाळ्यांचे खुंट कोठे आहेत? खडक, बुडालेली जहाजे आणि अडथळे यांच्या प्रकरणात! रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळी लावणाऱ्या कोळ्याची पिढीजात वहिवाट जागतिक नौकानयनाच्या हिशेबी बुडालेल्या जहाजाच्या पंक्तीला बसते. जहाजाच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण खुंटाच्या बाजूने पाहिले तर अडथळा जहाजाचा आहे, आणि त्या बाजूने पाहणारा नकाशा कोणी काढत नाही. श्रीवर्धन तालुक्यातील दिघी बंदर दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी समूहाने ७०५ कोटी रुपयांना घेतले. तेथे येणाऱ्या जहाजांना खोल पाण्याचा मार्ग नकाशात रेखीव मिळेल, मिळालाच पाहिजे. त्याच राजपुरीच्या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्याचा मार्ग कोठे रेखलेला आहे?

हा प्रश्न भावनेचा असता तर सोडून देता आला असता. तो जमिनीचा आणि पोटाचा आहे. किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ ची. प्रत्येकीचा आधार नकाशा आहे. कोठे बांधता येईल, कोठे नाही, कोणाचे घर नियमित आणि कोणाचे अतिक्रमण, हे नकाशावरील भरतीरेषेपासून मोजून ठरते. ती रेषा चेन्नईच्या राष्ट्रीय संस्थेने आखून दिलेली असते. २०११ च्या अधिसूचनेने स्पष्ट सांगितले होते, की मच्छीमार गावे, मच्छीमारांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने आणि मासे वाळवण्याच्या जागा गावनकाशाच्या प्रमाणावर दाखवल्या पाहिजेत. प्रत्यक्षात मसुदा-नकाशे प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांतून कोळीवाडे आणि वाळवणाची खळी गळाल्याच्या हरकती मच्छीमार संघटनांना पुन्हा पुन्हा घ्याव्या लागल्या. सरकारी कागदावर रिकामी दिसणारी पुळण उद्या पर्यटनासाठी मोकळी जागा म्हणून कोणाच्याही घशात जाऊ शकते. झिफरदानमध्ये निदान गावाचे नाव तरी चुकीचे का होईना, पण होते. नव्या नकाशात तेही नसेल तर दाद कोणत्या नावाने मागायची?

म्हणून मागण्या साध्या आणि नेमक्या असल्या पाहिजेत. किनारा व्यवस्थापनाचे नकाशे मराठीत, मोठ्या कागदावर, जीवना बंदरासारख्या प्रत्येक बंदरावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले पाहिजेत; संकेतस्थळावरील धारिका म्हणजे प्रसिद्धी नव्हे. लिस्बन, एव्होरा, लंडन व मोदेना येथील या किनाऱ्याच्या नकाशांच्या प्रती राज्याच्या पुराभिलेख विभागाने मागवून त्यांवरील नावे मराठीत वाचून छापावीत आणि त्या तालुक्यांच्या वाचनालयांत ठेवाव्यात. या कामाला एका पुतळ्याइतकाही खर्च येणार नाही. हयात असलेल्या तांडेलांची माहिती नोंदवण्याचे काम विद्यापीठाने हाती घ्यावे आणि नोंद करताना सांगणाऱ्याचे नाव, गाव व वय लिहावे.

परंतु सरकार करील म्हणून हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नाही. पहिला नकाशा गावानेच काढला पाहिजे. गावनकाशाची प्रत तलाठ्याकडे मिळते. तीवर कोळीवाड्याची हद्द, होड्या ओढून ठेवण्याची जागा, वाळवणाची खळी, जाळी विणायच्या सावल्या आणि देवळाची वाट दाखवायची. समुद्राच्या बाजूला तांडेलांनी सांगितलेल्या खडकांची, खुंटांची व खोलीची मापे वावेत लिहायची. मग तो नकाशा ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत ठरावाने मंजूर करून महाराष्ट्राच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे हरकतीसोबत नोंदणीकृत टपालाने पाठवायचा आणि पोच जपून ठेवायची. या कामाला शिकलेला एक कार्यकर्ता, एक मोजपट्टी आणि दोन म्हातारे तांडेल पुरतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या शाकारून पुळणीवर ठेवलेल्या असतात आणि तांडेल घरी असतात. महाड-माणगावच्या कार्यकर्त्यांनी यंदाच्या जून-जुलैतले आठ-आठ दिवस श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर आणि दिघीसाठी काढून ठेवावेत.